साहित्यातली हेरगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेर आणि साहित्य हा माझ्या वाचनाचा जुना विषय आहे. त्यावर बोलताना वाचकांकडून, विद्यार्थ्यांकडून आणि नव्याने लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, मग अडचणीचे. काही उत्तरांत कथानक उघड करावं लागलं आहे. तसं जिथे आहे, तिथे सुरुवातीलाच सांगितलं आहे.

१. साहित्यात हेरगिरी आहे असं कधी म्हणायचं? नायक हेरच असावा लागतो का?

नायक हेर असण्याची काही गरज नाही. मी तीन खुणा पाहते. कोणीतरी स्वतःला लपवून पाहतं किंवा ऐकतं. ज्याच्यावर नजर आहे, त्याला ते कळू नये अशी त्याची धडपड असते. आणि जे पाहिलं-ऐकलं, ते कोणाला तरी नेऊन सांगायचं असतं. ही तिसरी खूण बहुतेक जण विसरतात. झुडपाआड बसून हरिणं पाहणारा हेर नसतो, पण दाराआडून ऐकलेलं बोलणं मालकिणीच्या कानावर घालणारी दासी हेर असते, मग त्या गोष्टीत राज्य, सैन्य, शत्रू यांतलं काहीही नसो.

इतकं वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. हेराच्या गोष्टीत बातमी काढण्याचा प्रसंग रंगतो खरा, पण लेखकाचा कस लागतो तो बातमी सांगण्याच्या प्रसंगात. कोणाला सांगायची, किती सांगायची, ऐकणाऱ्याला ती पचेल का, आणि सांगून झाल्यावर सांगणाऱ्याचं काय होईल? पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी याच मुद्द्याशी परत येते, कारण मला चांगली हेरकथा आणि सुमार हेरकथा यांतला फरक तिथेच दिसतो.

२. हेर, गुप्तहेर, जासूद, खबऱ्या, डिटेक्टिव्ह: हे सगळे एकच का?

मराठीत ‘गुप्तहेर’ हा शब्द दोन वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो आणि बराचसा गोंधळ त्यातूनच होतो. खुनाचा छडा लावणारा खासगी तपासनीसही गुप्तहेर आणि शत्रूच्या गोटात शिरलेला माणूसही गुप्तहेर. पण दोघांच्या गोष्टी उलट्या दिशेने चालतात. तपासनीस घडून गेलेल्या गोष्टीमागे जातो आणि शेवटी चारचौघांत सगळं उलगडून सांगतो. हेर न घडलेल्या गोष्टीच्या मागावर असतो आणि त्याला जे कळतं ते चारचौघांत कधीच सांगता येत नाही. शेरलॉक होम्ससारखा पक्का तपासनीससुद्धा १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत नाव बदलून जर्मन हेराच्या विश्वासात शिरतो. ती कथा होम्सच्या इतर कथांहून एकदम वेगळी लागते, कारण तिथे तो तपासनीस राहिलेला नसतो.

‘हेर’ हा शब्द ‘हेरणे’ या क्रियापदाशी जोडलेला आहे: नजरेने टिपणं, नेमकं ओळखून काढणं. ‘जासूद’ जुन्या मराठी कागदांत हेरासाठीही येतो आणि पत्रं पोचवणाऱ्या सांडणीस्वारासारख्या निरोप्यासाठीही. पाहणारा आणि पोचवणारा असे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, हे मला फार बोलकं वाटतं. ‘खबऱ्या’ आपल्याच लोकांची बातमी बाहेर देतो. ‘फितूर’ बाजूच बदलतो (त्याबद्दल प्रश्न १३ पाहा).

३. हा प्रकार आपल्याकडे इंग्रजी कादंबऱ्यांतून आला ना?

हेरकादंबरी हा साचा बाहेरून आला. हेराचं पात्र मात्र आपल्याकडे फार जुनं आहे.

भारवीचं ‘किरातार्जुनीय’ घ्या. हा कवी इसवी सन ६३४ च्या ऐहोळे शिलालेखाच्या आधीचा, कारण त्या लेखात कालिदासासोबत त्याचं नाव आहे. अठरा सर्गांच्या या महाकाव्याची सुरुवातच हेराच्या परतण्याने होते. दुर्योधन राज्य कसं चालवतो हे पाहायला युधिष्ठिराने एका वनचराला ब्रह्मचाऱ्याच्या वेषात पाठवलेलं असतं. तो द्वैतवनात परत येतो. त्याने काय काय शिताफी केली, कुठे लपला, कसा निसटला, यातलं भारवी काही सांगत नाही. काव्य सुरू होतं ते सांगण्याच्या क्षणी. शत्रूचं राज्य उत्तम चाललं आहे, ही नकोशी बातमी राजाला द्यायची आहे. वनचर आधीच क्षमा मागून ठेवतो आणि म्हणतो, ‘हितं मनोहारि च दुर्लभं वचः’. हिताचंही असेल आणि गोडही लागेल, असं बोलणं दुर्मीळ. हे वचन आपण सुभाषित म्हणून पाठ करतो, पण ते एका हेराच्या तोंडचं आहे हे किती जणांच्या लक्षात असतं? त्याच श्लोकात राजाला ‘चारचक्षु’ म्हटलं आहे, म्हणजे हेर हेच ज्याचे डोळे. डोळ्यांनीच धन्याला फसवू नये, असं तो सांगतो.

दुसरं उदाहरण भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तलं. रामाचा हेर दुर्मुख नगरातली लोकवार्ता घेऊन येतो. सीता रामाला बिलगून झोपलेली आहे. तिच्याबद्दल लोक काय बोलतात हे तिच्याच शेजारी रामाला सांगायचं आहे. दुर्मुख स्वतःच्या नशिबाला दोष देतो, आपलं कामच असं आहे म्हणतो आणि बातमी रामाच्या कानात सांगतो. प्रेक्षकांना शब्द ऐकूच येत नाहीत. आपल्याला दिसतो तो फक्त रामाच्या चेहऱ्यावरचा परिणाम. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल याची गणती नाही, आणि दर वेळी मला राम-सीतेइतकीच त्या दुर्मुखाची कणव येते.

रामायणातले शुक आणि सारण हे तिसरं उदाहरण. रावणाचे हे दोघे वानरांच्या रूपात रामाच्या सैन्यात शिरतात, बिभीषण त्यांना ओळखतो, आणि राम त्यांना मारण्याऐवजी सांगतो की पाहायचं राहिलं असेल तर नीट पाहून जा. ते परत जाऊन खरं तेच सांगतात. रावण चिडतो, शत्रूची स्तुती केली म्हणून त्यांना हाकलतो आणि दुसरे हेर पाठवतो. ज्या राजाला खरी बातमी सोसत नाही त्याचं पुढे काय होणार, हे वाल्मीकींना वेगळं सांगावं लागत नाही.

४. ‘मुद्राराक्षसा’चं एवढं कौतुक का होतं?

(कथानक उघड होतं आहे.)

विशाखदत्ताच्या या सात अंकी नाटकात प्रेमकथा नाही. स्त्रीपात्र म्हणावं तर चंदनदासाची बायको, तीही शेवटी थोडा वेळ. रंगमंचावर लढाई होत नाही. आहे ती दोन मंत्र्यांमधली हेरांची झुंज: एका बाजूला चाणक्य, दुसऱ्या बाजूला नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस.

सुरुवातीलाच चाणक्याचा हेर निपुणक यमपट (यमाची चित्रं रंगवलेला पट) दाखवत, गाणी म्हणत राक्षसाचा मित्र चंदनदास याच्या घरी पोचतो. आतून पाचेक वर्षांचा मुलगा बाहेर धावतो, आतल्या बायका घाबरून त्याला ओढून घेतात, आणि त्या गडबडीत एकीच्या बोटातली अंगठी निसटून घरंगळत निपुणकाच्या पायाशी येते. पुरुषाच्या बोटाच्या मापाची होती म्हणून निसटली. तिच्यावर राक्षसाचं नाव असतं. पुढचं सगळं नाटक या एका मुद्रेवर उभं आहे. लेखक होऊ पाहणाऱ्यांना मी हा प्रसंग नेहमी वाचायला सांगते. पुरावा मिळतो तो योगायोगाने, पण ती सैल अंगठी आणि त्या बायकांची घाबरगुंडी आपल्याला हेही सांगून जाते की राक्षसाचं कुटुंब याच घरात लपलेलं आहे.

याच निपुणकाच्या तोंडून आणखी एक गंमत कळते. शत्रूचा माणूस म्हणून तो जीवसिद्धी नावाच्या क्षपणकाचं, म्हणजे जैन साधूचं, नाव सांगतो. तो जीवसिद्धी प्रत्यक्षात चाणक्याचाच हेर असतो. आपले हेरसुद्धा एकमेकांना ओळखत नाहीत, ही व्यवस्था चाणक्याने किती काटेकोर ठेवली आहे ते एका वाक्यात समजतं.

पण माझ्या लेखी नाटकाचा कळस तिसऱ्या अंकात आहे. चाणक्य आणि चंद्रगुप्त कौमुदीमहोत्सवावरून जोरदार भांडतात. भांडण ठरवून केलेलं असतं. राक्षसाचे हेर ते पाहतात आणि आपल्या धन्याला प्रामाणिकपणे कळवतात. हेर खोटं बोलत नाहीत, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि तरी बातमी खोटी असते! शत्रूचे हेर पकडण्यापेक्षा त्यांना पाहायला काहीतरी उभं करून देणं, ही युक्ती पुढे विसाव्या शतकातल्या कितीतरी हेरकादंबऱ्यांचा कणा झाली.

आणि शेवट? हेरांच्या या जाळ्यात राक्षस सापडतो तो त्याच्या चांगुलपणामुळे. मित्र चंदनदासाला सुळावर नेत आहेत हे कळल्यावर तो स्वतः पुढे येतो. चाणक्याला त्याचा जीव नकोच असतो. त्याला राक्षसासारखा मंत्री चंद्रगुप्तासाठी हवा असतो. हेरगिरीचं फळ म्हणून शत्रूचा आदर वाढतो, असं दुसरं नाटक मी वाचलेलं नाही.

५. हनुमान लंकेत गेला तो हेर म्हणून की दूत म्हणून?

दोन्ही, आणि सुंदरकांडाची मजा त्या बदलातच आहे. रात्री लहान रूप घेऊन तो लंकेत शिरतो, महाल धुंडाळतो, अशोकवनात झाडावर दडून रावणाचं आणि सीतेचं बोलणं ऐकतो. इथपर्यंत तो हेर आहे. सीतेला अंगठी देताना तो दूत होतो. त्यानंतर वनाची नासधूस करून स्वतःकडे लक्ष वेधून घेतो, म्हणजे लपणं सोडून देतो. रावण त्याला मारायला निघतो तेव्हा बिभीषण दूताला मारता येत नाही असं म्हणून त्याला वाचवतो. हेराला असं कोणतंही संरक्षण नसतं. दूताला नाव आणि धनी दोन्ही उघड असतात, हेराला दोन्ही नाकारावे लागतात. कथेतलं पात्र कोणत्या बाजूला आहे हे ठरवायला मी हीच कसोटी लावते.

६. कौटिल्याचं अर्थशास्त्र हे तर शास्त्र. साहित्याच्या अभ्यासात त्याचं काय काम?

पात्रांची ती खाण आहे म्हणून. पहिल्याच अधिकरणात हेरांचे प्रकार येतात. एका जागी राहणारे: कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या वेषातला, उदास्थित म्हणजे संन्यास सोडलेला, गृहपतिक म्हणजे शेतकरी, वैदेहक म्हणजे व्यापारी, आणि तापस. फिरते: लहानपणापासून तयार केलेला सत्री, जिवावर उदार झालेला तीक्ष्ण, विष देणारा रसद आणि भिक्षुकी म्हणजे परिव्राजिका. यातल्या प्रत्येकाची परिस्थिती थोडक्यात दिली आहे. शेतकरी कसा? शेती बुडालेला. व्यापारी कसा? धंदा बसलेला. परिव्राजिका कशी? दरिद्री, विधवा आणि धीट. माणूस हेर का होतो याचं उत्तर त्या एकेका विशेषणात आहे. या ओळींतून अख्ख्या कादंबऱ्या निघतील.

आणखी एक नियम लेखकांनी लक्षात ठेवावा: तीन हेरांचं सांगणं एक झालं तरच विश्वास ठेवायचा. कौटिल्यालाही बातमी मिळण्यापेक्षा बातमीवर विसंबण्याची चिंता जास्त होती.

७. इतर जुन्या परंपरांत काय आहे?

भरपूर. बायबलमध्ये मोशे कनान देश पाहायला बारा जण पाठवतो. सगळ्यांनी तोच देश पाहिलेला असतो. परतल्यावर दहा जण भीती घालतात, दोघे धीर देतात, आणि लोक दहांचं ऐकतात. यरीहो नगरात राहाब ही वेश्या दोन हेरांना छपरावर लपवून वाचवते. होमरच्या ‘इलियड’मध्ये ट्रॉयचा डोलोन लांडग्याचं कातडं पांघरून रात्री निघतो, ओडिसियस आणि डायोमिडीस या ग्रीक वीरांच्या हाती लागतो, जिवाच्या भीतीने सगळं सांगून टाकतो आणि तरी मारला जातो.

८. आधुनिक हेरकादंबरी कधी सुरू झाली?

एकच पुस्तक दाखवणं कठीण. अमेरिकेत जेम्स फेनिमोर कूपरची ‘द स्पाय’ १८२१ सालची. तिच्यातला फेरीवाला देशासाठी हेरगिरी करतो, पण सगळ्यांना तो शत्रूचाच माणूस वाटतो. ते खोडून काढायची त्याला मुभा नसते. मोबदलाही तो नाकारतो. आयुष्यभर सांगता न येण्याची ही वेदना इतक्या लवकर या प्रकारात आली होती.

विसाव्या शतकाच्या तोंडावर युरोपातल्या सत्ता एकमेकींना घाबरू लागल्या आणि या कादंबरीला भराभर वाचक मिळाले. किपलिंगची ‘किम’ १९०१ ची, अर्स्किन चिल्डर्सची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ १९०३ ची, जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट एजंट’ १९०७ ची. शेवटची मला सगळ्यांत जवळची. तिच्यातला हेर आळशी, जाडजूड, दुकान चालवणारा माणूस आहे आणि त्याच्या कामाचा घाव पडतो तो त्याच्याच घरातल्या सर्वांत निरागस जिवावर. ‘किम’ वाचताना मात्र एक गोष्ट विसरू नये. तिथली हेरगिरी साम्राज्य टिकवण्यासाठी आहे आणि लेखकाला त्यात काही वावगं वाटत नाही. तरीही नदी शोधणारा लामा आणि बातम्या शोधणारा पोरगा एकाच वाटेने चालतात, ही रचना सुंदर आहे.

९. हेरकथा लिहिणारे लेखक खरोखर हेर होते का?

बरेचसे होते. सतराव्या शतकातली इंग्लिश नाटककार आफ्रा बेन १६६६ मध्ये राजाच्या कामगिरीवर अँटवर्पला गेली होती. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनियल डिफोने स्कॉटलंडमध्ये सरकारसाठी गुप्तपणे काम केलं. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हेरखात्यात होता आणि त्या अनुभवावरच्या ‘अ‍ॅशेंडेन’ या कथा १९२८ साली आल्या. इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. ग्रॅहम ग्रीन आणि जॉन ल कारे हेही त्याच जगातले.

पण अनुभव असला की पुस्तक खरं उतरतं असं नाही. फ्लेमिंगला आतलं माहीत होतं, तरी त्याने स्वप्न लिहिलं. मॉमच्या कथांत उलट कंटाळा, वाट पाहणं आणि अर्धवट कळलेल्या कामगिऱ्या आहेत. मला या दोन व्यवसायांत एक साम्य दिसतं: दोघांनाही खोटी ओळख रचावी लागते आणि ती बारीक तपशिलांनी पटवून द्यावी लागते.

१०. एकीकडे देखणा, बंदूकधारी नायक आणि दुसरीकडे थकलेला, चश्मा पुसणारा म्हातारा. हेर असे दोन टोकांचे का?

कारण दोन्ही लेखक वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. १९५३ पासून फ्लेमिंगने जो नायक उभा केला, तो जेम्स बाँड ‘हेर काय काय करू शकतो?’ याचं उत्तर आहे. ल कारेने १९६३ मध्ये ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ लिहून ‘हेराकडून काय काय करवून घेतलं जातं?’ असं विचारलं. बर्लिनची भिंत उभी राहून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याच वर्षी ब्रिटिश हेरखात्यातला किम फिल्बी मॉस्कोला पळून गेला आणि आपल्याच खात्यातला वरिष्ठ माणूस वर्षानुवर्षं शत्रूसाठी काम करत होता हे उघड झालं. ल कारेची १९७४ ची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ त्या जखमेतून आली. तिच्यातला जॉर्ज स्मायली धावत नाही, गोळ्या झाडत नाही. तो जुन्या फायली वाचतो आणि जुन्या सहकाऱ्यांना बोलतं करतो. त्या कादंबरीतला सगळा थरार ऐकण्यात आहे.

ग्रीनची १९५८ ची ‘अवर मॅन इन हवाना’ या दोघांपासून वेगळी काढावी लागते. तिथे व्हॅक्युम क्लीनर विकणारा माणूस पैशासाठी हेर होतो, नसलेले हस्तक कल्पून त्यांच्या नावाने अहवाल पाठवतो आणि यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं गुप्त शस्त्रं म्हणून खपवतो. वाचताना हसू येतं. मग त्या काल्पनिक हस्तकांच्या नावाची खरी माणसं संकटात सापडू लागतात आणि हसू थांबतं. खोटी बातमीसुद्धा सांगितली की जगात काहीतरी घडवून जाते.

११. हेराची गोष्ट कोणाच्या तोंडून सांगावी?

सोपी वाट म्हणजे तृतीय पुरुष आणि एकाच पात्राच्या खांद्यावरून पाहणं, म्हणजे वाचकाला त्याच्याइतकंच कळतं. प्रथम पुरुषात धोका आहे. आयुष्यभर खोटं बोललेला माणूस आता वाचकाशी खरं बोलतो आहे, हे का मानायचं? चांगले लेखक हीच अडचण कामाला लावतात. व्हिएत थान्ह न्युएनच्या ‘द सिम्पथायझर’ला २०१६ चं पुलित्झर मिळालं. ती सगळी कादंबरी एका दुहेरी हेराने लिहून दिलेला कबुलीजबाब आहे. तो कोणासाठी लिहितो आहे आणि काय लिहिलं तर सुटेल, हे लक्षात ठेवूनच प्रत्येक पान वाचावं लागतं.

बोर्हेसच्या १९४१ च्या एका कथेतला हेर तर बातमी कळवण्याची सगळी साधनं गमावून बसलेला असतो. (पुढच्या वाक्यात शेवट आहे.) ज्या शहराचं नाव कळवायचं, त्याच नावाच्या एका भल्या माणसाला तो मारतो, म्हणजे वर्तमानपत्रात ते नाव छापून येईल आणि वरिष्ठांना समजेल. बातमी पोचवण्याची याहून भयंकर किंमत मी कथेत पाहिलेली नाही.

१२. हेरांचा संबंध नसलेल्या नाटकांत, घरगुती गोष्टींत चोरून ऐकणं येतं. तेही यातच मोजायचं का?

प्रश्न १ मधल्या तीन खुणा जुळल्या तर मोजायचं. ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस परदेशी शिकणाऱ्या स्वतःच्या मुलावर माणूस ठेवतो, मुलीचा आमिषासारखा वापर करतो आणि शेवटी राणीच्या दालनात पडद्याआडून ऐकताना मारला जातो. बाप म्हणून जे विचारायचं ते विचारता येत नाही म्हणून तो हेर झाला, असं मला वाटतं. घरातली हेरगिरी बहुतेक अशीच असते.

पाळतीची गोष्ट वेगळी. हेर एकाला हेरतो, पाळत सगळ्यांवर असते. ऑर्वेलच्या १९४९ च्या ‘१९८४’मध्ये भिंतीवरचा पडदा सतत पाहतो, आणि कोणी पाहत असेल-नसेल या शंकेनेच माणसं स्वतःची राखण करू लागतात. मराठीत १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये परवान्याशिवाय रात्री बाहेर पडण्याची सोय उरत नाही, घरात शिरून झडती होते. त्या नाटकात माणसांची रांग हीच भिंत असते. ‘भिंतीलाही कान असतात’ ही म्हण रंगमंचावर याहून थेट उभी राहिलेली मला माहीत नाही.

१३. बिभीषण फितूर, हेर की शरणार्थी?

तो लपून येत नाही, आपलं नाव सांगून येतो, म्हणून हेर नाही. पण वाल्मीकींनी ही शंका स्वतःच कथेत आणली आहे. सुग्रीवाला तो रावणाचा हेर वाटतो आणि त्याला मारावं असं तो म्हणतो. हनुमान त्याच्या बाजूने बोलतो, राम आश्रय देतो. पुढे शुक-सारणांना (प्रश्न ३) ओळखणारा हाच बिभीषण. ‘घरभेदी लंकादहन’ ही म्हण त्याच्या माथी मारली गेली, पण तो आधी रावणाला तोंडावर सांगून थकला होता. धन्यासमोर बोलून झाल्यावर निघून जाणारा आणि धन्यासमोर गोड राहून बाहेर बातम्या पुरवणारा, या दोघांना एकच शब्द लावणं मला अन्यायाचं वाटतं.

१४. कथांमधली स्त्री हेर म्हणजे मोहात पाडणारीच का असते?

लेखकांच्या आळसामुळे. माताहारीला १९१७ मध्ये फ्रान्समध्ये गोळ्या घातल्या आणि त्यानंतर तो साचा इतका रूढ झाला की बाकीच्या शक्यता मागे पडल्या. जुनं साहित्य याबाबत जास्त मोकळं होतं. विषकन्या ‘मुद्राराक्षसा’त आहेच, पण अर्थशास्त्रातली धीट परिव्राजिका (प्रश्न ६) मान्यवर घरांत मानाने वावरून बातमी काढते, रूपाने नाही.

आणि मोहात पाडणारा पुरुष? महाभारतातला कच आठवा. मराठी वाचकाला तो ‘विद्याहरण’ नाटकातून आणि ‘ययाति’मधून ओळखीचा. देव त्याला शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्येसाठी पाठवतात आणि देवयानीला प्रसन्न करून घे असंही सांगतात. तो बृहस्पतीचा मुलगा म्हणून उघडपणे येतो. ओळख लपवत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने हेर नाही. पण त्याच्या सेवेमागचा हेतू आणि देवयानीने त्यात पाहिलेलं प्रेम यांतली दरी ही अस्सल हेरकथेची दरी आहे. तिच्या शापाने मिळवलेली विद्या त्याला स्वतःला फळत नाही. ज्याला शिकवेल त्याला फळेल, असं म्हणून तो परततो.

१५. वेशांतर आलं की हेरगिरी आली, असं धरायचं का?

नाही. विराटपर्वात पांडव वेष पालटून राहतात ते लपण्यासाठी, बातमीसाठी नाही. हेर असतात ते दुर्योधनाचे, आणि ते हात हलवत परत येतात.

१६. बहिर्जी नाईकांवरच्या कादंबऱ्या इतिहास म्हणून वाचाव्यात का?

कादंबरी म्हणून वाचाव्यात, आणि प्रेमाने वाचाव्यात. शिवाजी महाराजांचे हेर म्हणून बहिर्जींचं नाव बखरीत येतं, पण थोडक्यात. चांगला हेर कागदावर फारसा उरत नाही, हे त्याच्या कामाचंच लक्षण. म्हणून त्यांचे वेष, संवाद, करपल्लवी-नेत्रपल्लवीचे (हातांच्या आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलण्याचे) प्रसंग हे बहुतांशी लेखकांनी भरलेले रंग आहेत. त्यात गैर काही नाही. कादंबरीतला एखादा संवाद पुढे कोणी पुरावा म्हणून मांडला तर मात्र तिथे थांबवावं.

१७. लेखक हा स्वतःच हेर असतो असं म्हणतात. पटतं का?

अर्धं. लेखकही माणसांत मिसळून त्यांना न कळता टिपत असतो, घरच्यांचं बोलणं कथेत जातं, आणि ते वाचून दुखावलेली माणसं मी पाहिली आहेत. तो दोष खरा आहे. पण हेर एका धन्याला कानात सांगतो. लेखक सगळ्यांना, उघड्यावर, स्वतःच्या नावाने सांगतो. ज्याच्याबद्दल लिहिलं तोही वाचू शकतो आणि उलट विचारू शकतो. प्रश्न ५ मधली कसोटी लावली तर लेखक दूताच्या जास्त जवळ जातो.

१८. मला हेरकथा लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

उपकरणं आणि संकेतलिपी यांपासून नको. ती मागाहून जमतात. एक माणूस ठरवा ज्याला काहीतरी कळलं आहे, आणि दुसरा ज्याला ते ऐकायचं नाही. दोघांना एका खोलीत बसवा. हे एक पान आधी लिहा. मग मागे जाऊन त्याला ते कसं कळलं ते शोधा. वाचायला म्हणाल तर ‘मुद्राराक्षसा’चा पहिला अंक, ‘उत्तररामचरिता’तला दुर्मुखाचा प्रवेश आणि मॉमच्या दोन-तीन कथा, याच क्रमाने.